हवालातीतले अनारसे

मला आयुष्यात एकदाच अटक झाली आणि तीही अनारशांपायी.

भाऊबीज उरकून मी धारहून देवासला परत निघालो होतो. धारला आमचं घर. देवासला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली मी पॅकिंगचं काम करायचो. आमचे पूर्वज म्हणे मराठा फौजेचे तंबू शिवायला इकडे आले आणि इथलेच झाले. फौज गेली, तंबू गेले, सुई राहिली. वडील गेल्यावर आईनं त्या सुईला फराळाची जोड दिली. धारच्या मराठी घरांतून दिवाळीच्या आधी तिच्याकडे ऑर्डरी यायच्या, त्यातही अनारशांच्या जास्त, कारण अनारसे करण्याइतका धीर आता कुणाला उरला नव्हता. तांदूळ भिजत घाला, रोज पाणी बदला, कांडा, गूळ घालून मुरत ठेवा. आईला त्यातलं काहीच जड वाटायचं नाही. खसखस मात्र ती मोकळ्या हातानं घ्यायची. वाण्याकडे मंदसोरकडची ताजी खसखस यायची. ताटात तिचा जाड थर पसरून त्यावर ती अनारसा थापायची. मी म्हणायचो, "आई, किती गं!" तर म्हणायची, "खसखस कमी असली की अनारसा उघडा पडल्यासारखा दिसतो."

त्या वर्षी तिनं मला मोठा डबा भरून दिला, फडक्यात बांधून. इंदूरला बस बदलली, तिथल्या गर्दीत क्लीनरनं डबा माझ्या हातातून घेऊन टपावर टाकला. देवासच्या बसस्टँडवर उतरल्यावर मी खालून ओरडलो, "भिया, डब्बा आराम से देना, खाने की चीज है!"

"खाने की चीज थी तो गोद में रखता," वरून उत्तर आलं आणि पाठोपाठ डबा.

मी झेलायला गेलो, पण फडकं हातातून निसटलं. झाकण एकीकडे, डबा दुसरीकडे आणि आईचे अनारसे बसस्टँडच्या धुळीत. काही चाकाखाली गेले. क्लीनर शिडीवरून खाली उतरला तेव्हा मी त्याची कॉलर धरली. मी मारकुटा नाही. शाळेतसुद्धा कुणावर हात उगारला नव्हता. पण त्या दिवशी पहिला फटका माझाच होता. दुसरा त्याचा. मग मोजायला सवड नव्हती. माझा शर्ट फाटला, त्याचा ओठ फुटला आणि स्टँडवरच्या शिपायानं दोघांनाही मानेला धरून थान्यात नेलं. शांतताभंगाचं कलम लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तहसीलदारासमोर उभं करतील, जामीन होईल, तोवर आत बसा, असं सांगण्यात आलं.

थान्याचे हेड साब पोटानं सुटलेले, आवाजानं करडे. त्यांनी माझा डबा उघडून बघितला. तळाशी अर्धेअधिक अनारसे शाबूत होते.

"ये क्या है?"

"अनारसे, साब. माँ ने बनाये हैं."

त्यांनी एक उचलला, उलटासुलटा बघितला, खाल्ला. लगेच दुसरा उचलला. मग म्हणाले, "अंदर ले जा. सब को खिला. त्योहार में हवालात में बैठे हैं बेचारे."

आत क्लीनर होता, पत्ते खेळताना पकडलेले दोघेतिघे होते आणि कोपऱ्यात पांघरूण ओढून, गुडघे पोटाशी घेऊन एक म्हातारा बसला होता. त्याला सगळे दाजी म्हणत होते. आमच्या माळव्यात गावाकडे वडीलधाऱ्या माणसाला दाजी म्हणतात. तो बागलीच्या बाजूचा होता, कुणाच्यातरी विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार चोरली म्हणून पकडून आणलेला.

मी डबा फिरवला. पत्तेवाल्यांनी हात मारला. क्लीनर आधी भिंतीकडे तोंड करून बसला. मी डबा त्याच्या पुढ्यात ठेवला. थोड्या वेळानं त्यानं एक घेतला. मग आणखी एक. मग म्हणाला, "भिया, माफ करना. मेरी माँ ने बनाये होते और कोई ऐसे फेंकता, तो मैं भी मारता."

"लगा क्या जोर से?" मी विचारलं.

"मीठे में जल रहा है," ओठाला हात लावत तो म्हणाला आणि आम्ही दोघेही हसलो. हा माणूस पुढे माझा इतका जवळचा मित्र होईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलोच असतो.

दाजींना मी अनारसा दिला तेव्हा त्यांनी हात जोडले. "नी बेटा. पेट में कुछ टिकता नी." त्यांचं नाक वाहत होतं, जांभया थांबत नव्हत्या, अंगावर काटा आला होता. आम्हाला वाटलं, सर्दी-ताप असेल. मी माझी शाल त्यांना दिली.

सकाळी एक बाई आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, सुती सलवार-कुर्ता, खांद्याला मोठी पिशवी. बरोबर लॅबमध्ये काम करणारे एक गृहस्थ. हेड साबनी त्यांना चहा दिला आणि आम्हाला ओळीनं बसवलं. बाई हिंदीतून बोलू लागल्या. इंदूरच्या एका संस्थेकडून त्या आल्या होत्या. देवास आणि धार जिल्ह्यांत पकडल्या जाणाऱ्या माणसांमध्ये कुठली नशा किती आहे, हे त्यांना मोजायचं होतं. काही प्रश्न विचारणार आणि लघवीचा नमुना घेणार. नाव कुठेही लिहिणार नाही. निकाल पोलिसांना कळणार नाही, कोर्टाला कळणार नाही. ज्याची इच्छा नसेल त्यानं नाही म्हणावं.

"दारू का तो मैडम मैं ऐसे ही बता देता हूँ," क्लीनर म्हणाला, "उसके लिये बोतल काय कूं भरूँ?"

सगळे हसले. मी पुटपुटलो, "आता हे आणखी काय नवीन!"

बाई वळल्या. "तुम्ही मराठी का? कुठले?"

"धारचे."

"मी इंदूरची. सांगा की मग तुमच्या मंडळींना, मी पोलिसांची माणूस नाही म्हणून."

मी सांगितलं. मराठी ऐकून का कोण जाणे, मला त्या क्षणी त्या आमच्याच आळीतल्या वाटल्या. मी त्यांना ताई म्हणालो, तेच नाव पुढे कायम राहिलं. घरात बोलतो ती मराठी थान्यात बोलायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. शाळा हिंदीतून झालेली. मराठी वाचताना मी आजही अडखळतो. पण बोलताना आईचे शब्द येतात.

एकेकाला बाजूच्या खोलीत नेऊन प्रश्न विचारले. दारू, भांग, गांजा, गोळ्या, अफू, खोकल्याचं औषध. मी प्रत्येकाला "कधीच नाही" म्हणालो. खरं सांगायचं तर थोडं ताठ होऊन म्हणालो. दाजींचा आवाज मात्र बाहेर आम्हाला ऐकू आला. "अफीम," ते म्हणाले. "जवानी से. अब नी मिली तो ये हाल है."

आम्ही परत येऊन बसलो. बराच वेळ गेला आणि ताई पुन्हा आल्या. चेहरा गोंधळलेला. त्यांनी आधी मलाच बाजूला बोलावलं.

"तुमचं तुम्हाला सांगायला हरकत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही अफू घेत नाही म्हणालात ना?"

"ताई, आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा नसतं!"

"चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की काही नाही. एकच उमटली की आहे. तुमची एकच आहे."

आई, आळी, कारखाना, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "तुमची पट्टी खोटी आहे."

"मलाही तेच वाटलं. म्हणून मी माझीच करून बघितली. पट्टी चांगली आहे." त्या बाकीच्यांकडे वळल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत विचारलं, "कल शाम से आप लोगों ने क्या खाया?"

थान्यातली डाळ-रोटी, पाणी, चहा. दाजींनी तर तेही नाही. तेवढ्यात ताईंचं लक्ष हेड साबच्या टेबलाकडे गेलं. हेड साबनी रात्रीच्या जेवणानंतरही दोन अनारसे मागून घेतले होते. त्यातला एक अर्धा खाल्लेला कागदावर ठेवला होता. ताईंनी तो उचलला आणि बोटानं वरचे पांढरे दाणे चिमटीत घेतले.

"ही खसखस आहे का?"

"हो. अनारशाला लावतातच."

त्या बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अहो, खसखस अफूच्या बोंडातलीच ना! नशा येत नाही, पण पट्टीला तेवढं पुरतं. ताजी असली, भरपूर असली, की उमटते. किती खाल्लेत?"

मी डब्याकडे बघितलं. डबा रिकामा होता.

हेड साबना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांना पटेना. "मैं तो इतने साल से नौकरी में हूँ, मेरी करो. देखते हैं," असं म्हणून त्यांनी स्वतःच बाटली मागितली. लॅबवाल्या दादांनी पट्टी बुडवून टेबलावर ठेवली आणि आम्ही सगळे, पकडलेले आणि पकडणारे, त्या पट्टीवर वाकलो. एक रेघ आली. दुसरीची वाट बघितली. ती आली नाही. हेड साबच्या कपाळावर घाम आला. करडा आवाज एकदम मऊ झाला.

"मैडम, ये कागज कहीं जायेगा तो नी?"

क्लीनर एवढ्या मोठ्यानं हसला की त्याचा ओठ पुन्हा फुटला.

ताईंनी त्या दिवशीचे नमुने बाद करायला घेतले. मी म्हणालो, "ताई, दाजींचा करू नका. त्यांनी अनारसा खाल्ला नाही. मी दिला होता, त्यांनी हात जोडले."

"नक्की?"

"माझ्यासमोर. त्यांना पोटात काही ठरत नव्हतं."

ताई दाजींजवळ जाऊन बसल्या. कपाळाला हात लावला, नाडी बघितली. मग उठून हेड साबना म्हणाल्या, "ये सर्दी नहीं है. अफीम एकदम छूट गयी है. इनको अस्पताल भेजना पड़ेगा." हेड साब एरवी कदाचित उद्या बघू म्हणाले असते. त्या दिवशी ते लगेच उठले आणि गाडी मागवली. दाजींना दोघांनी धरून नेलं. माझी शाल त्यांच्या अंगावरच गेली.

दुपारी आमचा जामीन झाला. क्लीनर आणि मी एकाच टपरीवर पोहे खाऊन आपापल्या वाटेनं गेलो.

कारखान्यात गेलो तर ठेकेदारानं आत घेतलं नाही. थान्यात जाऊन आलेला माणूस नको म्हणाला. आईला काय सांगावं ते सुचेना. थान्यातून निघताना ताईंनी एक फोन नंबर दिला होता, दाजींचं काही कळलं तर कळवा म्हणून. मी फोन करून माझंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "लॅबवाले दादा पट्ट्या बघतील. मला माणसांशी बोलणारं कुणी हवंय. हिंदी, माळवी, मराठी तिन्ही येतात ना तुम्हाला? आणि कुणी काय खाल्लं, कुणी नाही खाल्लं, हे तुमच्या लक्षात राहतं."

अशी माझी नोकरी बदलली. जिथं मला प्रश्न विचारले होते, तिथं आता मी विचारू लागलो.

त्या घटनेनंतर ताईंनी प्रश्नांमध्ये एक नवा घातला होता. गेल्या दोनतीन दिवसांत खसखस खाल्ली आहे का? तो यादीत शेवटी होता. पण सतवासच्या थान्यात पहिल्याच दिवशी माझ्या हातून तो आधी विचारला गेला. समोर एक आडदांड माणूस होता, भांडणात कुणाचं डोकं फोडलेला. दारूचं विचारलं असतं तर त्यानं माझ्याकडे बघितलंही नसतं. खसखस म्हटल्यावर मात्र त्याच्या कपाळावरची आठी गेली.

"खसखस का हलवा?" तो म्हणाला. "वो तो मेरी जीजी बनाती थी. ठंड में. ऊपर से घी छोड़ती थी."

"अब नहीं बनाती?"

"अब वो नी है." आणि मग तो आपणहून बोलत सुटला. बहिणीबद्दल, तिच्या घराबद्दल, ती गेल्यावर दारू कशी वाढली त्याबद्दल. मला पुढचे प्रश्न विचारावेच लागले नाहीत. मी नुसता लिहीत गेलो.

मी ताईंना हे सांगितलं. त्यांनी तो प्रश्न शेवटून उचलून अगदी पहिला केला. मग आम्ही जिथे जिथे गेलो तिथे आधी खसखशीचं विचारायचो आणि हवालातीत घरचा वास यायचा. कुणी म्हणायचा, आई वाटून भाजीत घालते. कुणी म्हणायचा, झोप येत नाही म्हणून बायको दुधात देते. कुणाला खसखस म्हणजे फक्त लग्नाची पंगत आठवायची. धारकडच्या डोंगरातल्या एका पोरगेल्याशा बाईनं सांगितलं की आमच्याकडे कसली खसखस, आमच्याकडे महू, म्हणजे मोह. मग ती महूची फुलं पहाटे कशी टपटपतात आणि टोपली घेऊन कसं जायचं, ते सांगत राहिली. तिच्या बाजूला बसलेली महिला शिपाईसुद्धा ऐकत होती. पकडलेल्या माणसाला त्याच्या घरचं जेवण कुणी विचारत नाही. ते विचारलं की तो पुढचं खरं सांगतो, एवढं मी त्या दिवसांत शिकलो.

आता ते सगळं आठवलं की मला थान्यांचे चेहरे आठवत नाहीत. वाटेतले आठवतात. बागलीकडे जातानाचा घाट, खिडकीतून येणारी गार हवा, ताईंच्या पिशवीतली शेव, लॅबवाल्या दादांचं गुणगुणणं. पट्ट्यांचा डबा ते मांडीवर घेऊन बसायचे. टपावर काही टाकायचं नाही, असा आमचा नियमच होता. क्लीनर आता इंदूर-धार गाडीवर आला होता. त्या मार्गावर आम्ही असलो की तो आमच्या जागा धरून ठेवायचा आणि नव्या प्रवाशांना माझी ओळख करून द्यायचा, "इनने मेरे को मारा था." अभिमानानं सांगायचा.

बागलीजवळच्या गावात दाजी भेटले. निंबाखाली बसून खाट विणत होते. अंगावर थोडं मांस आलं होतं. दवाखान्यातून औषध मिळत होतं, मुलगा आणून द्यायचा. केस चालूच होती, तारखेला मुलगाच घेऊन जायचा. त्यांनी आम्हाला बसायला तीच खाट दिली आणि तिच्या न विणलेल्या अर्ध्या भागात मी जवळजवळ पडलोच. सगळे हसले. त्यांनी सांगितलं, तरुणपणी ते जमीनदाराकडे सालदार होते. कापणीच्या दिवसांत मालक सकाळी प्रत्येकाच्या हातावर अफूची गोळी ठेवायचा, पाठ दुखू नये आणि काम उरकावं म्हणून. "कापणी तो खतम हो जाती थी," ते म्हणाले, "गोली की तलब खतम नी हुई."

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बेटा, उस दिन सब का बोगस निकला ना? मेरा गिना के नी?"

"गिना, दाजी. आपका गिना."

त्यांनी मान हलवली. खूश झाल्यासारखे दिसले. "मैंने सच बोला था," ते म्हणाले. मग घरात जाऊन माझी शाल घेऊन आले, धुऊन घडी केलेली.

धारचं काम सुरू झालं तेव्हा ताई आमच्या घरी आल्या. खरं तर आईनंच बोलावलं होतं. मी आईला अटकेचं सांगितलं तेव्हा ती ऐकत राहिली होती. पण अनारशांचं सांगितल्यावर तिचा पारा चढला.

"माझ्या अनारशांत अफू?"

"अगं, खसखशीत असते. अगदी कणभर."

"म्हणजे मी सगळ्या गावाला दिवाळीत अफू चारत आले? घेऊन ये तुझ्या ताईंना. माझ्यासमोर सांगू देत."

ताई आल्या त्या दिवशी आईनं अनारशांचं पीठ आधीच मुरवून ठेवलं होतं. दिवाळी नाही, सण नाही, तरी. ताई स्वयंपाकघरात पाट घेऊन बसल्या. शिकवा म्हणाल्या. त्यांनी थापलेला पहिला अनारसा तुपात सोडला तोच पसरून विरघळला. आमच्याकडे म्हणतात, अनारसा हसला. ताई ओशाळल्या.

"हसू द्या हो," आई म्हणाली. "माझेही पहिल्यांदा हसायचे. सासूबाई तेवढ्या हसत नसत."

मग दोघींचं जे जमलं ते जमलंच. किती अनारसे खाल्ल्यावर पट्टीवरची दुसरी रेघ जाते हे ताईंना बघायचंच होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी मनसोक्त खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या ओळीनं मांडल्या. आईनंही हट्टानं आपली बाटली दिली. एकच रेघ. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

"एवढी वर्षं देवाला याचा नैवेद्य दाखवत आले," ती म्हणाली.

आम्हाला वाटलं, तिला वाईट वाटलं. पण तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू होतं. "त्यालाही सवय लागली असेल. आता सोडवायची कशी?"

ताईंनी तिला मिठी मारली. मी आईला असं कुणाच्या मिठीत कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या श्रावणानंतर आमचं काम संपलं. ताईंनी सगळे कागद जुळवून अहवाल केला. तो कुठे गेला, कुणी वाचला, मला माहीत नाही. मात्र देवासच्या दवाखान्यात त्यानंतर नशा सोडवण्यासाठी एक खोली उघडली आणि तिथे समजावून सांगणारा माणूस म्हणून ताईंनी माझं नाव सुचवलं. मी शिकलो, परीक्षा दिली, आजही तेच काम करतो. नवीन माणूस आला की आधी मी त्याला जेवणाचं विचारतो. क्लीनर आता स्वतःची गाडी चालवतो. ताई लांब दक्षिणेकडे गेल्या, अधूनमधून फोन येतो. आईला जाऊन आता काही वर्षं झाली.

ताई जाण्याआधी आम्ही मांडूला गेलो होतो. आईचं सगळं आयुष्य धारला गेलं, पण मांडू तिनं बघितलं नव्हतं. इतकं जवळ आहे, कधीही जाता येईल, म्हणून कधीच गेली नाही. ताईंना ते कळल्यावर त्या ऐकेनात. क्लीनरनं सुट्टी काढून एक गाडी ठरवली आणि आईला पुढे बसवलं. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. डोंगर हिरवे, दऱ्यांतून धुकं वर येत होतं. आई काचेला कपाळ लावून बघत होती आणि प्रत्येक वळणावर म्हणत होती, "अगं बाई!"

महालांच्या पायऱ्या ती ताईंचा हात धरून चढली. तळ्याच्या काठी बसून पाय सोडले. इथल्या राण्यांना स्वयंपाक करावा लागत नसेल ना, असं ताईंना विचारलं. मक्याचं कणीस खाल्लं, त्याला लिंबू कमी लावलं म्हणून विकणाऱ्या बाईला चार शब्द सुनावले आणि मग तिच्याशीच गप्पा मारत बसली.

परतताना क्लीनर म्हणाला, "माँ साब, एक चीज और." रस्त्याच्या कडेला एक जागा होती, जिथून हाक मारली की समोरच्या पडक्या इमारतींवरून ती परत येते. क्लीनरनं तोंडापाशी हात धरून आपलं नाव घेतलं. ते परत आलं. ताईंनी घेतलं. मीही ओरडलो.

"आता तुम्ही," ताई आईला म्हणाल्या.

"मी कुणाला हाक मारू?"

"कुणालाही."

आई दोन पावलं पुढे गेली. पदर सारखा केला. मग दरीच्या दिशेनं बघून, मोठ्यानंही नाही आणि हळूही नाही, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ऐकू जावी एवढ्या आवाजात तिनं हाक मारली,

"अहो..."

पलीकडून आलं, "अहो..."

ती तशीच उभी राहिली. पुन्हा हाक मारली नाही. क्लीनरला शब्द कळला नसेल, पण त्यानं गाडी सुरू केली नाही. थोड्या वेळानं आई मागे वळली, ताईंचा हात धरला आणि म्हणाली, "चला, अंधार पडायच्या आत घाट उतरायला हवा."